तोंडचं पाणी पळालं: वजन उतरवणाऱ्या कॅप्सूल आणि नऊ किडलेले दात

खालच्या पुढच्या चार दातांना कीड लागलेली दिसली की माझा हात थबकतो. दाढा किडतात ते रोजचंच आहे. दाढांच्या खाचांत बिस्किटाचा लगदा बसतो आणि तिथवर ब्रश नीट पोचत नाही. वरचे पुढचे दातही किडतात. पण खालचे चार दात लाळेच्या डबक्यातच उभे असतात. जिभेखालच्या ग्रंथींची तोंडं त्यांच्या बरोब्बर मागे उघडतात आणि दिवसभर तिथे ताजी लाळ झिरपत राहते. म्हणूनच त्या जागी किटण सगळ्यात जास्त साचतं, पण कीड सहसा लागत नाही. चहात तीन चमचे साखर घेणाऱ्या माणसाचेही हे चार दात शेवटपर्यंत तग धरतात. तेच किडलेले दिसले, की डबकं आटलंय असं समजायचं.

सप्टेंबरमध्ये माझ्या खुर्चीत बसलेल्या बाईंच्या तोंडात नेमकं हेच दिसलं. बाई म्हणजे सांगलीजवळच्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, वय ४१. सहा वर्षं माझ्याकडे येतात, त्यामुळे मीही त्यांना बाईच म्हणतो. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझी चूक मात्र बदललेली नाही.

जूनमध्ये मी काय पाहिलं नाही

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात बाई आल्या होत्या. गार पाण्याने डावीकडे ठणका लागत होता. वरच्या दोन दाढांच्या मधोमध कीड होती. दोन्ही साफ केल्या, कॉम्पोझिट भरलं आणि ‘गोड कमी करा’ म्हणून सांगितलं. त्यावर बाई हसल्या. "डॉक्टर, मार्चपासून साखर बंद आहे. चहासुद्धा बिनसाखरेचा. दिसत नाही का?"

दिसत होतं की. चेहरा उतरला होता, मनगटातलं घड्याळ सैल झालं होतं. मी अभिनंदन केलं. केस पेपरवर ‘सध्या चालू असलेली औषधे’ या ओळीपुढे त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘काही नाही’. मी त्याखाली सही केली आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

साखर बंद केलेल्या माणसाला एकाएकी दोन दाढा का किडाव्यात, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. आदल्या ऑक्टोबरचे त्यांचे एक्स-रे माझ्याच कपाटात होते. त्यात दोन जुनी भरणं होती आणि नवीन काहीही नव्हतं. ते काढून शेजारी लावायला दोन मिनिटं लागली असती. नेहमीचे पेशंट ओळखीचे होऊन जातात आणि ओळखीच्या माणसाकडे आपण नीट बघत नाही. हा दोष माझा एकट्याचाच असेल असं वाटत नाही, पण या प्रकरणात तो माझा आहे.

सप्टेंबर

तीन महिन्यांनी बाई आल्या त्या तोंडावर रुमाल धरूनच. तोंडाला वास येतो, आणि फळ्यासमोर उभं राहून बोलताना जीभ टाळूला चिकटते. ओठांचे कोपरे चिरले होते. गालाच्या आत आरसा टाकला तर तो चिकटला. बाहेर काढताना गालाची त्वचा आरशाबरोबर ओढली गेली आणि मग ‘टप्’ करून सुटली. निरोगी तोंडात आरसा ओल्या फरशीवरच्या पाटासारखा सरकतो. जिभेखाली बघितलं तर डबकं नव्हतंच. दोन-चार फेसकट तारा तेवढ्या होत्या. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली होती, म्हणजे बुरशीचा संसर्ग वर आलेला.

मग दात मोजले. नऊ नव्या जागा होत्या. खालचे पुढचे चारही दात हिरडीलगत किडलेले. त्यांतल्या दोघांवर नुसते खडूसारखे पांढरे पट्टे, दोघांत उथळ खड्डे. वर डावीकडचा सुळा आणि त्यामागच्या दोन उपदाढा, त्याही मानेपाशी, म्हणजे दात हिरडीला टेकतो तिथे. आणि डावीकडच्याच खालच्या दोन दाढांची उघडी पडलेली मुळं, इतकी मऊ की अणकुचीदार हत्यार टेकवलं तर रुतत होतं. जूनमध्ये मी भरलेल्या दोनपैकी एका दाढेच्या कडेला तपकिरी रेघ उमटली होती. भरण जागच्या जागी होतं, त्याच्या शेजारचा दात विरघळत चालला होता.

हा नमुना दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो. नेहमीची कीड खाचांतून किंवा दोन दातांच्या फटीतून सुरू होते. तोंड कोरडं पडलं की मात्र ती मानेपाशी, मुळांवर आणि दातांच्या कडांवर लागते, म्हणजे लाळ ज्या जागा एरवी फुकटात धुऊन देते त्या जागांवर. कर्करोगासाठी मानेला रेडिएशन घेतलेल्यांत असं काही महिन्यांत होतं. बाईंना तसलं काही झालेलं नव्हतं.

नळी

लाळ मोजणं अगदी साधं आहे, तरी आम्ही दातवाले ते फार क्वचित करतो. पेशंटला निवांत बसवायचं, मान जरा पुढे झुकवायची, पाच मिनिटं काही गिळायचं नाही. तोंडात जे जमेल ते खुणा केलेल्या नळीत सोडायचं. नुसतं बसल्या बसल्या मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ सुटते. ०.१ च्या खाली गेली की ग्रंथी पुरेशी लाळ देत नाहीत असं धरतात. दिवसाचा हिशोब केला तर चांगल्या तोंडात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते.

बाईंच्या नळीत पाच मिनिटांत ०.४ मिलिलिटर जमलं. मिनिटाला ०.०८.

मग त्यांना बेचव मेण चघळायला दिलं आणि पुन्हा मोजलं. चघळताना मिनिटाला १ ते २ मिलिलिटर यायला हवी; त्यांची ०.५ आली. हाही आकडा कमीच, पण माझ्या दृष्टीने दिवसभरातली ती पहिली चांगली बातमी होती. चघळल्यावर लाळ सहापट वाढते याचा अर्थ ग्रंथी मेलेल्या नाहीत; त्यांना कोणीतरी गप्प बसवलं आहे.

गप्प बसवणारे बरेच असतात. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची कित्येक औषधं, काही बीपीच्या गोळ्या. मधुमेह. तोंड उघडं ठेवून झोपायची सवय. चाळिशीतल्या बाईच्या बाबतीत आणखी एक नाव डोक्यात ठेवावंच लागतं: जोग्रेन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. तो बायकांत कितीतरी जास्त आढळतो. मी मिरजेतल्या एका फिजिशियन मित्राला चिठ्ठी लिहायला घेतली आणि चिठ्ठीत ‘औषधे’ या शब्दापाशी अडलो.

"बाई, काहीच औषध चालू नाही?"

"नाही हो."

"सर्दीची गोळी? झोपेची?"

"अजिबात नाही. मी गोळ्यांच्या विरुद्ध आहे."

इथे मला आमच्या मास्तरांची एक सवय आठवली. ते पेशंटला औषध विचारायचेच नाहीत. मीही पेन खाली ठेवलं. "बरं, सकाळी उठल्यापासून रात्री दिवा घालवेपर्यंत तोंडात काय काय जातं ते सांगा. पाणीसुद्धा सांगा."

बाईंनी शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगायला सुरुवात केली. साडेपाचला कोमट पाण्यात अर्धं लिंबू आणि चमचाभर मध. त्यानंतर लगेच ब्रश, तोही जोर लावून, कारण तोंडाला वास येतो. सातला कॅप्सूल.

"कसली कॅप्सूल?"

"ते औषध नव्हे, डॉक्टर. हर्बल आहे. वजनासाठी."

आठ वाजल्यापासून नऊपर्यंत डब्यातल्या पावडरचा शेक, सिपरमधून, पहिला तास संपेपर्यंत घोट घोट. दुपारी जेवणाआधी पेलाभर पाण्यात दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर. मग दुसरी कॅप्सूल. शिकवताना घसा कोरडा पडतो म्हणून आवळा कँडी. "किती?" "आठ-दहा होतात दिवसाला. आवळाच आहे की, व्हिटॅमिन सी." रात्री सॅलड. आणि मग जरा थांबून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "रात्री झोप लागत नाही, घसा ओढल्यासारखा होतो. तेव्हा खडीसाखरेचा एक खडा गालात ठेवते. तेवढा एकच."

"कुठल्या गालात?"

बाईंचा हात आपसूक डाव्या गालाकडे गेला. त्या डाव्या कुशीवर झोपतात. मुळापाशी रुतणाऱ्या दोन्ही दाढा डावीकडच्याच होत्या.

घशासाठी खडीसाखर हा आपल्याकडच्या शिक्षकांचा, कीर्तनकारांचा, गाणाऱ्यांचा पिढ्यानपिढ्यांचा उपाय आहे, आणि दिवसा, लाळ सुटणाऱ्या तोंडात तो बहुतेकांना पचूनही जातो. पण झोपेत लाळ जवळजवळ थांबते, निरोगी माणसाचीसुद्धा. जिची दिवसाही थांबलेली, तिच्या गालात रात्रभर साखरेचा खडा म्हणजे त्या दाढेसाठी उसाच्या रसाची चरवीच.

साखर बंद होती तरी

साखरेचा प्रत्येक घास किंवा खडा तोंडातल्या जिवाणूंना मिळाला की ते काही मिनिटांत आम्ल तयार करतात. दातावरच्या थराचा पीएच ५.५ च्या खाली गेला की वरचं कवच, म्हणजे एनॅमल, विरघळू लागतं. मुळांना तर एवढंही लागत नाही, ती ६.२ ते ६.७ च्या दरम्यानच विरघळायला लागतात. चांगल्या तोंडात लाळ येऊन हे आम्ल अर्ध्या-पाऊण तासात मारते. तिच्यात बायकार्बोनेट असतं, आपल्या खाण्याच्या सोड्यात असतं तेच. शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, ते विरघळलेल्या जागी परत बसतं. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. दिवसभर पोपडे निघत असतात आणि दिवसभर कोणीतरी मागोमाग गिलावा करत असतं.

बाईंचा दिवस या हिशोबात बसवून पाहा. लिंबू-मध, तासभर पुरवलेला शेक, व्हिनेगर, आठ-दहा वेळा आवळा कँडी, रात्री खडीसाखर. शेकच्या डब्यावर ‘साखर मिसळलेली नाही’ असं ठळक छापलं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, होतं. जिवाणूंना ते चालतं. कपभर चहात साखर घालून पाच मिनिटांत पिऊन टाकणाऱ्या माणसापेक्षा या साखर सोडलेल्या बाईंचे दात दिवसाचे कितीतरी जास्त तास आम्लात होते, आणि गिलावा करणारा कामावर नव्हता. आवळा कँडी आणि खडीसाखर त्यांच्या आहाराच्या वहीत नव्हती, कारण ते ‘खाणं’ नव्हतं. कॅप्सूल केस पेपरवर नव्हती, कारण ते ‘औषध’ नव्हतं.

लिंबू आणि व्हिनेगरबद्दल दोन शब्द. दोन्हींचा पीएच २ ते ३ च्या घरात असतो. इथे जिवाणूंची गरजच नाही. आम्ल थेट कवच मऊ करतं. त्यावर लगेच जोरात ब्रश घासला की मऊ झालेलं तेवढं खरवडून निघतं. बाईंच्या वरच्या पुढच्या दातांची चमक गेली होती आणि कडा काचेसारख्या पारदर्शक दिसू लागल्या होत्या. पातळ करून, घटकन पिऊन, वर चूळ भरली असती तर एवढं झालं नसतं.

बाटली

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळ्या बाटल्या घेऊन बोलावलं. शेकच्या डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना क्रमांक, कंपनीचा पत्ता, बॅच, सगळं होतं. कॅप्सूलची बाटली मात्र पांढऱ्या प्लास्टिकची, त्यावर हिरव्या पानाचं स्टिकर आणि ‘१००% हर्बल’. परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, औषधी उपयोगासाठी नसल्याची सूचना नाही. जावेच्या ओळखीतल्या एका ‘कोच’ ताईंकडून घेतलेली. व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीचे-नंतरचे फोटो आणि खाली अंगठे.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. चेतापेशींमधली नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं ते लवकर हटू देत नाही, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं. त्याचे सर्वांत नेहमीचे दुष्परिणाम म्हणजे तोंडाला कोरड, झोप न लागणं, बद्धकोष्ठ, डोकेदुखी. चाचण्यांत साधारण दर सहा जणांमागे एकाचं तोंड कोरडं पडलं होतं. पुढे सुमारे दहा हजार रुग्णांवरच्या ‘स्काउट’ अभ्यासात, आधीपासून हृदयाचा धोका असलेल्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढल्याचं दिसलं. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत आणि २०११ मध्ये भारतात ते बंद झालं. कायदेशीर बाजारातून गेलं. पण ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये ते न सांगता मिसळलेलं जगभर पुन्हा पुन्हा सापडलं आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, एफडीएच्या, इशाऱ्यांत ते वर्षानुवर्षं येत राहिलं.

वजनाच्या बाटल्यांत इतर नावंही असतात. एफेड्रा हे असंच उत्तेजक, अमेरिकेने २००४ मध्ये पूरक आहारातून हद्दपार केलेलं. गार्सिनिया कँबोजिया म्हणजे केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी, आपल्या कोकमाची सख्खी चुलत बहीण. तिचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून विकतात आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी त्या अर्काच्या आहेत, कालवणाच्या नाहीत. बाईंच्या बाटलीत नेमकं काय होतं ते प्रयोगशाळेत तपासलं गेलं नाही, त्यामुळे मी नाव घेऊन आरोप करणार नाही. पण मिरजेच्या मित्राने बघताक्षणी विचारलेले प्रश्न बरोबर त्याच रांगेतले होते: झोप? चार तास. शौचाला? तीन दिवसांनी. नाडी १०४. बीपी १४८/९६, आदल्या वर्षी शाळेच्या आरोग्य तपासणीत ते १२४/८० होतं. साखर, थायरॉइड ठीक. जोग्रेनची रक्ततपासणी निगेटिव्ह. डोळ्यांत पाणी पुरेसं.

नॉरॲड्रेनलिनचं काम आपण सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. वर्गात बाईंनी नाव पुकारून उभं केलं आणि उत्तर येत नव्हतं, तेव्हा तोंड कसं झालं होतं ते आठवा. तोंडचं पाणी पळालं, असं आपण म्हणतो. मराठीने शरीरशास्त्र आधीच बांधून ठेवलं आहे. घाबरलेल्या शरीरात पातळ लाळेचा नळ बंद होतो आणि जे थोडं येतं ते चिकट येतं. अशी गोळी माणसाला पाच-सहा महिने सकाळ-दुपार त्या बाकावर उभं करून ठेवते.

"दात भरता येतात की"

फिजिशियनने कॅप्सूल थांबवायला सांगितली. बाई माझ्याकडे आल्या त्या नाराज होऊन. मार्चमध्ये ७८ किलो असलेलं वजन ६९ वर आलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा नणंदेने विचारलं होतं, कुठला ड्रेस घेतलास. "दात भरता येतात की, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "वजन परत वाढलं तर ते कोण भरून देणार?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. दात महत्त्वाचे की कंबर, हे मी ठरवणारा कोण? मी फक्त आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीला बोलावून तिचीही लाळ पाच मिनिटं मोजली. दोन मिलिलिटर भरली. मग दोन्ही नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. तिची चांगली बोटभर भरलेली. बाईंची तळाला ओल धरलेली, वर फेस. बाई बराच वेळ त्या नळ्यांकडे बघत राहिल्या. "हे माझं?" एवढंच म्हणाल्या. मुलांच्या उत्तरपत्रिका रोज तपासणाऱ्या माणसाला शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टी बघायची सवय असते. कॅप्सूल त्या संध्याकाळपासून बंद झाली.

उपचार, आणि न केलेले उपचार

मोह होता नऊच्या नऊ दात लगेच कोरून भरायचा. कोरड्या तोंडात ते निरर्थक असतं. जूनच्या भरणाच्या कडेची तपकिरी रेघ माझ्यासमोर होती. आधी सगळ्या दातांना ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावलं. त्यात फ्लोराइड २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असतं. आपल्या नेहमीच्या टूथपेस्टमध्ये १,००० च्या आसपास. खालच्या दोन दातांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांना हात लावला नाही. ते बुजू शकतात. उथळ खड्डे आणि वरच्या तीन माना हाताच्या हत्याराने साफ करून ग्लास आयोनोमर सिमेंटने भरल्या. ते दाताला स्वतःहून चिकटतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. डावीकडच्या दोन मुळांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं. ते कीड थांबवतं, पण जागा कायमची काळीकुट्ट करतं, हे आधी आरशात दाखवून सांगितलं. "मागे आहे, कोण बघणार," म्हणून बाईंनी होकार दिला. बुरशीला क्लोट्रिमॅझोल.

घरचं पथ्य ठरवताना जास्त वेळ गेला. खडीसाखर बंद, त्यावर वादच नाही. आवळा कँडीऐवजी काय? बाईंनी आमसूल सुचवलं. लाळ तर सुटेल पण आम्ल आम्लच, म्हणून नाही. बिनसाखरेचं झायलिटॉलचं च्युइंग गम सुचवल्यावर त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की जणू मी वर्गात विडी ओढायला सांगितली. शेवटी मधल्या सुट्टीत आणि घरी जाताना गम, वर्गात टेबलावर पाण्याची बाटली आणि दर दहा मिनिटांनी एक घोट, हवंच असेल तर वेलदोडा. रात्री कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचा कृत्रिम लाळेचा फवारा. ब्रश केल्यावर फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही. अल्कोहोलवाला माउथवॉश नको. तो तोंड आणखी वाळवतो. व्हिनेगर बंद. लिंबूपाणी सोडवत नसेल तर मधाशिवाय, एका दमात, आणि ब्रश त्याच्या आधी.

मी आणि फिजिशियनने मिळून औषध-दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे फॉर्म भरून पाठवला. त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि तिथे सामान्य माणूसही तक्रार नोंदवू शकतो, औषध ‘हर्बल’ असलं तरी. त्या कोच ताईंशी भांडायला बाई तयार नव्हत्या, नात्यातली ओळख. लठ्ठपणा घालवण्याचं औषध म्हणून जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेच मना आहे, पण व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अंगठ्यांना कायदा कोण वाचून दाखवणार?

पुढचे महिने

कॅप्सूल बंद झाल्यावर दहाव्या दिवशी झोप लागू लागली. सहा आठवड्यांनी पाच मिनिटांची नळी १.४ मिलिलिटर भरली, म्हणजे मिनिटाला ०.२८. तीन महिन्यांनी १.७, मिनिटाला ०.३४. बीपी १२६/८२. पथ्यही बदललं होतं, पण कॅप्सूल थांबवली आणि लाळ, नाडी, झोप, तिन्ही परतल्या. कॅप्सूलवरचा संशय माझ्यासाठी इथे पक्का झाला.

भूकही परतली. त्याबद्दल बाईंनी फोनवर रडून सांगितलं. वजन ७४ पर्यंत गेलं, मग आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि आमराईतल्या रोजच्या फेऱ्यांनी हळूहळू ७२ वर आलं. ते ६९ नाही, आणि बाई ते विसरलेल्या नाहीत.

जूनमध्ये, म्हणजे मी चूक केली त्याला बरोबर वर्ष झालं तेव्हा, नवी कीड एकही नव्हती. वरच्या एका उपदाढेचं सिमेंट पडलं होतं, ते पुन्हा भरलं. खालच्या दोन दातांवरचे पांढरे पट्टे खडूसारखे राहिले नव्हते. बोट फिरवलं तर गुळगुळीत आणि चकचकीत. डावीकडची दोन मुळं काळी आणि टणक, हत्यार आता रुतत नाही. आरसा गालावरून सरकला.

आता वजनाची इंजेक्शनं आली आहेत. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ पासून भारतात मिळतं. ती डॉक्टरच्या देखरेखीखालची खरी औषधं आहेत, त्यांची तुलना त्या हिरव्या पानाच्या बाटलीशी करणार नाही. पण त्यांनी मळमळ-उलटी होते, काहींचं पाणी पिणं कमी होतं, आणि पोटातलं आम्ल दातांवर येतं. पेशंट मात्र दातवाल्याला इंजेक्शनाबद्दल कशाला सांगेल?

म्हणून मी केस पेपर नवा छापून घेतला. ‘सध्या चालू असलेली औषधे’ ही ओळ तशीच आहे. तिच्याखाली आणखी एक घातली: ‘औषध नव्हे म्हणून जे घेता ते सगळं इथे लिहा: काढा, पावडर, कॅप्सूल, इंजेक्शन, गालात ठेवायचं काहीही.’ पहिल्या महिन्यातच लोकांनी लिहिलेली उत्तरं: इसबगोल. मुलाच्या जिमची पावडर, रोज चमचाभर. घशासाठी ज्येष्ठमध. आणि एका आजोबांचं, अगदी सुवाच्य अक्षरात: ‘शेजाऱ्यांची बीपीची गोळी, कधीकधी.’